टॉम जॉन्सनचं आत्मचरित्र (पुनर्मुद्रित प्रत) : पाचपैकी चार तारे

आधी प्रतीबद्दल. ४६० रुपयांना ऑनलाइन मागवली, आठव्या दिवशी रामबागेत घरपोच आली. छपाई जुन्या प्रतीच्या स्कॅनवरून केलेली, फोटोंचे नुसते काळे डाग झालेत. बांधणी तर इतकी कच्ची की तिसऱ्या दिवशी पानं सुटली. खजुरी बाजारात ८० रुपये देऊन पुन्हा बांधून घेतली. एक तारा त्याचा कापला.

पुस्तक मात्र सोडू नका. टॉम जॉन्सन १९०१ ते १९०९ अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहराचा महापौर होता. मी इंदूरात बावीस वर्षं कंडक्टर होतो, आणि या माणसाच्या आयुष्याला दोनदा वळण दिलं ते कंडक्टरांनीच. यादवी युद्धात घर बुडालेलं, वय जेमतेम अकरा. स्टाँटन गावात येणाऱ्या एकुलत्या एका आगगाडीच्या कंडक्टरनं ठरवलं, गाडीतून वर्तमानपत्रं येतील ती फक्त या पोराची. पाच आठवड्यांत चांदीचे ८८ डॉलर जमले! त्यावरच घरचे लुईव्हिलला जाऊ शकले. मक्तेदारीची ताकद पोराला तिथंच कळली.

पुढे त्यानं नाणी टाकायची काचेची भाडेपेटी बनवली, स्वतः ट्राम कंपन्यांचा मालक झाला. मग एकदा आगगाडीत हेन्री जॉर्ज या मक्तेदारीवर टीका करणाऱ्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाचं पुस्तक विकायला आलं. हा नको म्हणत होता, तर कंडक्टर म्हणाला, घ्या, नाही आवडलं तर अर्धा डॉलर मी परत देतो. ते वाचून हा धनाढ्य मालक मक्तेदारीच्याच विरोधात उभा राहिला.

ट्रामचं भाडं पाच सेंटांवरून तीनवर यावं म्हणून महापौर झाल्यावर तो शेवटपर्यंत झगडला. तंबू ठोकून सभा घ्यायचा. कंपन्यांनी कोर्टातून आणलेल्या मनाईहुकुमांची प्रकरणं लांबलचक आहेत, पण गाळू नका. माझ्या बसमध्ये मालवा मिलला जाणारे कितीतरी जण पाटनीपुऱ्यालाच उतरायचे, आठ आणे वाचवायला. दोन सेंटांसाठी एवढं भांडण कशाला, हा प्रश्न मला पडलाच नाही.

१९०९ ला तो हरला. पुस्तक आजारपणात लिहून घेतलेलं आहे. १९११ च्या एप्रिलमध्ये तो गेला, त्याच वर्षी ते छापून आलं. रडगाणं कुठंही नाही.

मागवताना कडक पुठ्ठ्याची प्रत मिळते का ते आधी बघा.