नागपुरी कुलर: गारव्याला पैकीच्या पैकी, टाकीला काठावर पास

पत्र्याचा, लोकल बनावटीचा दोन फुटी कुलर. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या वर गेला तरी खोली गार ठेवतो. हवा जितकी कोरडी, तितकं ताट्यांवरचं (बाजूंना बसवलेल्या ओल्या जाळ्यांवरचं) पाणी भराभर उडतं आणि गारवा वाढतो. दमट कोकणात हे जमत नाही. नागपुरात मात्र खिडकीखिडकीला कुलर. डेंग्यूच्या एडिस डासाला इथे टाकी सापडते ती यामुळेच. बाहेरचं डबकं उन्हाने आटतं, टाकीत मात्र रोज पाणी पडतं, वर सावली असते आणि पाणी गारही राहतं.

मोठा दोष बुचाचा. ते तळाला नसून बाजूच्या पत्र्यात, तळापासून बोटभर वर असतं. बूच काढलं की टाकी रिकामी झाली असं वाटतं, पण ६० बाय ६० सेंमीच्या टाकीत २ सेंमी पाणी उरलं तरी ते ७ लिटरच्या वर होतं. अळ्यांना तेवढं पुरून उरतं. बुचाच्या विरुद्ध बाजूला कुलरच्या पायांखाली लाकडाची पट्टी सरकवा आणि उरलेलं पाणी फडक्याने टिपून घ्या. हे करण्याआधी विजेचा प्लग काढा. पत्र्याच्या कुलरचा शॉक जिवावर बेततो. नवा कुलर घेताना दुकानातच बादलीभर पाणी ओतून बूच काढून बघा. तळाशी उतार आणि तिथेच बूच असेल, तर चार पैसे जास्त गेले तरी तोच घ्यावा.

नुसतं पाणी बदलून भागत नाही. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओल्या पत्र्याला चिकटवून. शाईच्या बारीक टिंबांसारखी काळी. ती कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात. पावसाळ्यानंतर न घासता ठेवलेला कुलर एप्रिलमध्ये भरला की जुन्याच अंड्यांतून अळ्या निघतात. म्हणून रेषेच्या वर-खाली चारही बाजू ताठ ब्रशने खरवडून घासाव्या. अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात. आठवड्यातला एक वार ठरवून तो चुकवू नये. अळ्यांचं पाणी नालीत सोडू नका, कोरड्या मातीवर ओता.

खरा घोळ जूनमध्ये होतो. पाऊस लागला, हवा दमट झाली की कुलर गार करत नाही. मग पंप बंद, नुसता पंखा चालू, आणि टाकीतलं पाणी तसंच निपचित पडून. डेंग्यूचा जोर याच्या पुढच्या महिन्यांतला. पंप बंद केला त्याच दिवशी टाकी घासून कोरडी करा. वूडवूलच्या (लाकडाच्या बारीक तंतूंच्या) ताट्या पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, त्यांतही अंडी राहतात. हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारख्या छिद्रांची ताटी) असेल तर घासून, धुऊन कडक वाळवा.

स्टँडवर पक्का बसवलेला कुलर काढता येत नसेल तर बूच उघडंच ठेवा आणि वरून ताडपत्री ताणून बांधा. तिला झोळ राहिला तर पावसाचं पाणी तिथेही साचतं.