किबालेतला एक तास: चिंपँझी बघण्याचं परमिट वसूल होतं का?

ताडोबा-नागझिऱ्याच्या आसपास राहणाऱ्याला जंगल नवं नसतं, पण चिंपँझी बघायला आफ्रिकेत जायचं म्हटलं की इथला हिशेब कामी येत नाही. तिथे जिप्सी नाही. पायी आत शिरायचं, जनावर सापडलं की गाईड घड्याळ बघतो, आणि तिथून बरोबर एक तास. पश्चिम युगांडातल्या किबाले राष्ट्रीय उद्यानात या तासाचं परमिट परदेशी माणसाला जुलै २०२४ पासून २५० डॉलरला पडतं. आमचं मत आधीच सांगतो: रानातला चिंपँझी बघायला पैसे मोजायचेच असतील तर किबालेत मोजा. मात्र महागड्या लॉजवर उधळण्यापेक्षा त्याच पैशात दुसऱ्या सकाळचं आणखी एक परमिट घ्या.

किबालेच का? सुमारे दीड हजार चिंपँझी आणि वानरकुळातल्या एकूण १३ जाती या एका जंगलात आहेत. पर्यटकांसाठीच्या टोळ्या वर्षानुवर्षं माणसाला सरावलेल्या आहेत, त्यामुळे दिसण्याची शक्यता इतर बहुतेक ठिकाणांपेक्षा जास्त. फोर्ट पोर्टल या गावाहून डांबरी रस्त्याने कन्यांचूच्या केंद्रावर पोहोचायचं. सकाळची फेरी आठच्या सुमारास निघते, दुसरी दुपारी दोनला. एका गटात जास्तीत जास्त सहा जण, सोबत गाईड. वयाची अट किमान १२ वर्षं, त्यामुळे लहान पोरं असतील तर एका पालकाला केंद्रावरच थांबावं लागेल.

चिंपँझी रोज संध्याकाळी झाडावर फांद्या वाकवून नवं घरटं करतात. आदल्या दिवशी ती जागा हेरलेली असेल, तर ट्रॅकर पहाटे तिथूनच माग काढतात. तुम्ही गटासोबत असताना गाईडच्या हालचालींकडे लक्ष ठेवा. तो वर कमी आणि खाली जास्त बघतो. चिंपँझी हाताच्या मुठी टेकवत चालतो, म्हणून ओल्या मातीत बोटांच्या सांध्यांचे ठसे उमटतात. उंबराच्या जातकुळीतली फळं चावून, रस चोखून तो चोथ्याचा गोळा थुंकतो. गोळा ओला असेल तर टोळी जवळ, वाळला असेल तर पुढे निघून गेलेली. मग कुठून तरी हळू हू-हू सुरू होतं, चढत जातं आणि किंकाळीवर फुटतं. मोठ्या झाडांची फळीसारखी उभी मुळं नर हातापायांनी बडवतात, तो ढोलासारखा आवाज दाट जंगलात लांबवर जातो. दिशा कळली की गाईड पायवाट सोडतो, आणि खरी दमछाक तिथून.

आता उणी बाजू. परमिट एका तासाचं असतं, चांगल्या दर्शनाचं नसतं. टोळी उंच झाडावर फळं खात बसली असेल तर तासभर मान वर करून काळे ठिपके बघावे लागतात. शिवाय टोळी एकसंध नसते, दिवसभर फुटत-जुळत राहते, त्यामुळे समोर दहा येतील की दोनच, हे आधी सांगता येत नाही. गर्दीच्या महिन्यांत दोन-तीन गट एकाच झाडाखाली गोळा होतात आणि फोटोत माणसांच्या टोप्याच जास्त येतात. एक चिंपँझी उतरून चालू लागला की सगळे त्याच्या मागे. अशा वेळी धावू नका. गाईडला हळूच विचारा, उरलेले कुठे आहेत? झाडावर मागे राहिलेली मादी आणि पिल्लू बऱ्याचदा जास्त वेळ देतात. एक साधी गोष्ट: झाडाच्या अगदी खाली उभं राहू नका, वरून काय पडेल त्याचा नेम नाही.

म्हणून दुसऱ्या परमिटचा आग्रह. आज उंचावर असलेली टोळी उद्या जमिनीवर असू शकते. फोटोचंच वेड असेल तर दिवसभराची ‘हॅबिच्युएशन’ (टोळीला माणसाची सवय लावण्याची) फेरीही मिळते: पहाटे चिंपँझी घरट्यातून उतरतात तेव्हापासून संध्याकाळी नवं घरटं बांधेपर्यंत त्यांच्यासोबत. महाग आहे, पाय आणि कंबर दोन्ही मजबूत लागतात, गुडघेदुखीवाल्यांनी नादी लागू नये.

सर्दी-खोकल्याचा नियम लोक हलक्यात घेतात. माणसाचं साधं पडसं चिंपँझीला मारू शकतं. किबालेतल्याच कन्यावारा टोळीत २०१३ साली माणसाच्या सर्दीच्या विषाणूने पाच चिंपँझी दगावले. म्हणून मास्क, १० मीटरचं अंतर, आणि नाक गळत असेल तर आत प्रवेश नाही. विमानातल्या एसीने घसा धरतो, तेव्हा युगांडाच्या एंटेबे विमानतळावर उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी परमिट लावू नका, मध्ये दोन दिवस ठेवा. जंगलात खाणं, थुंकणं बंद. खर्रा खाणाऱ्या मंडळींनी तो लॉजवरच ठेवावा.

कपड्यांचं सांगायचं तर पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड पँट आणि पँटीची टोकं मोज्यात खोचलेली. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण मुंगळ्यांच्या रांगा वाट ओलांडत असतात आणि ते पँटीतून वर चढले की अख्खा गट थांबतो. हातमोजे घ्या, आग करणारी काटेरी झुडपं हाताला लागतातच. धानाच्या बांधीतले गमबूट चिखलात चालतात, पण चढावर घसरतात, त्यापेक्षा खोल नक्षीच्या तळाचे घोट्यापर्यंतचे बूट बरे. सोबत दीड-दोन लिटर पाणी. ओझं उचलायला गावातला पोर्टर मिळतो. घ्या, चढावर हातही देतो. कॅमेऱ्याला फ्लॅश चालत नाही आणि पानांखाली उजेड फार कमी. ७०-२०० ची उजेड घेणारी लेन्स लांबलचक झूमपेक्षा कामाची. आयएसओ ३२०० च्या वर न्यायची तयारी ठेवा, आणि चिंपँझी आभाळाच्या पार्श्वभूमीवर असेल तर एक्स्पोजर एक-दीड स्टॉप वाढवा, नाहीतर तोंडाच्या जागी नुसता काळा डाग येतो.

हंगामाचं गणित आपल्याकडच्या कामांशी जोडून बघा. किबालेत जून ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हे कमी पावसाचे महिने. सोयाबीन विकून, कापसाची वेचणी उरकत आलेल्या शेतकरी घराला जानेवारीचा शेवट सोयीचा. गेटवरच्या गाईड आणि जिप्सीवाल्यांना मात्र जुलै-ऑगस्ट जमेल, कारण तेव्हा ताडोब्याचा कोअर बंद असतो. पण युगांडातला तो गर्दीचा काळ आहे, परमिट तीन-चार महिने आधी धरावं लागतं. मार्च ते मे धो-धो पाऊस. लॉज स्वस्त असतात, पायवाटा निसरड्या.

इतर ठिकाणांबद्दल थोडक्यात. युगांडातच बुडोंगोचं कानियो-पाबिडी मर्चिसन फॉल्सच्या वाटेवर आहे, परमिट किबालेपेक्षा स्वस्त, जंगल महोगनीचं, वेळ कमी असेल तर हे चालेल. क्याम्बुराची घळ दिसायला देखणी, पण तिथली टोळी छोटी आणि बाकीच्यांपासून तुटलेली. हात हलवत परतायची तयारी हवी. रवांडातल्या न्युंगवेला पहाटे चार-पाचला निघावं लागतं आणि चढ अंगावर येतो. टांझानियातलं गोम्बे म्हणजे जेन गुडाल यांनी १९६० मध्ये काम सुरू केलं ती जागा: किगोमाहून टांगानिका तलावातून बोटीने जायचं, उद्यान लहान, चढ तीव्र. माहालेला तर आत रस्ताच नाही. छोटं विमान किंवा बोट. जपानी संशोधकांनी १९६५ पासून तिथल्या टोळ्यांचा माग ठेवला आहे. तलाव आणि डोंगर एकत्र असल्याने आमच्या मते सगळ्यांत सुंदर जागा हीच, पण खर्च ऐकून बसायला खुर्ची शोधावी लागते. चालवत नसेल अशा आईवडिलांसाठी एंटेबेजवळचं न्गाम्बा बेट बरं. तिथले चिंपँझी सुटका करून आणलेले आहेत, त्यांना जंगली म्हणून मोजू नका.

मुंबई-एंटेबे थेट विमान युगांडा एअरलाइन्सने ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू केलं. ते रोज नसतं, म्हणून आधी विमानाचे वार बघा, मग परमिटची तारीख धरा. एंटेबेहून किबाले गाडीने सहा-सात तास. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच, आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड मूळ स्वरूपात सोबत. ते नसलं तर तिथे अडवतातच, परतताना मुंबईतही विलगीकरणात ठेवू शकतात. साठीच्या पुढच्यांनी लसीआधी डॉक्टरला विचारावं. हिवतापाच्या गोळ्याही त्याच भेटीत लिहून घ्या. युगांडाचा ई-व्हिसा ५० डॉलरचा. रवांडा किंवा केनियाही करायचं असेल तर तिन्ही देशांचा मिळून १०० डॉलरचा व्हिसा ९० दिवस चालतो. जुन्या छपाईच्या किंवा फाटक्या डॉलरच्या नोटा तिथे कोणी घेत नाही, अलीकडच्या सालाच्या कोऱ्या न्या. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही: चपाती, राजम्यासारख्या शेंगांची उसळ, मातोके म्हणजे शिजवलेली कच्ची केळी आणि त्यावर शेंगदाण्याची पातळ भाजी. तिखट मात्र नसतं, घरून चटणी न्या.

पैसे भरण्याआधी टूरवाल्याकडून चार गोष्टी लेखी घ्या. परमिट खरेदी झालं आहे की नुसतं ‘होऊन जाईल’ आहे? फेरी सकाळची की दुपारची? चिंपँझी दिसलेच नाहीत तर पैसे परत मिळतात का (साधारणपणे मिळत नाहीत)? आणि परमिटवरचं नाव पासपोर्टप्रमाणेच आहे ना? आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मध्ये येतं, कधी आडनाव पुढे सरकतं, आणि परमिट दुसऱ्याच्या नावावर फिरवता येत नाही. पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवा, नाव फोनवर सांगू नका.