आयात आणि क्राफ्ट बिअर : काही महिन्यांच्या वापरानंतरचे मत

गेले काही महिने मी निरनिराळ्या देशांतल्या नामांकित बिअर आणि छोट्या ब्रुअरींच्या (बिअर बनवणाऱ्या कारखान्यांच्या) क्राफ्ट बिअर लक्षपूर्वक पीत आलो आहे आणि प्रत्येक बाटलीची तारीख, रंग, फेस, वास आणि चव वहीत टिपून ठेवत आलो आहे. या काळात तयार झालेले मत सुरुवातीलाच मांडतो. बिअर कोणत्या देशातून आली आणि लेबलवर कोणाचे नाव आहे यावरून जेवढे कळते, त्याहून कितीतरी अधिक ती कधी भरली गेली, वाटेत तिला किती उष्णता लागली आणि तिच्यावर किती उजेड पडला यावरून कळते. म्हणून पुढचा मजकूर चवीची क्रमवारी लावण्यासाठी नसून कोणती बिअर प्रवास सोसते आणि कोणती सोसत नाही, या अंगाने लिहिला आहे.

या मताला सर्वांत मोठा आधार दिला तो बेल्जियममधल्या ऑर्व्हाल या ट्रॅपिस्ट (कॅथलिक संन्याशांच्या एका पंथाच्या) मठाच्या बिअरने. १९३१ साली सुरू झालेल्या या ब्रुअरीची ही ६.२ टक्के अल्कोहोलची बिअर दोन कारणांनी वेगळी आहे. आंबवण्याचा मुख्य टप्पा झाल्यावर तिच्यात पुन्हा हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुले) घातले जातात, आणि बाटलीत भरताना ब्रेटॅनोमायसिस नावाचे रानटी यीस्ट सोडले जाते. बाटलीवर भरण्याची तारीख छापलेली असते, त्यामुळे वयाचा अंदाज बांधत बसावे लागत नाही. मी दोन-तीन महिन्यांपूर्वी भरलेली एक आणि वर्ष उलटून गेलेली एक अशा दोन बाटल्या एकाच संध्याकाळी, सारख्याच तापमानाला, एकाच आकाराच्या ग्लासांत ओतल्या. ताज्या बाटलीला संत्र्याच्या सालीचा आणि ओल्या गवताचा वास होता, कडवटपणा जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळत होता आणि माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, हलका गोडवा त्याला सांभाळून घेत होता. जुन्या बाटलीचे झाकण काढताच फेस मानेपर्यंत चढला आणि ओतल्यावर निम्मा ग्लास फेसानेच भरला. हॉप्सचा वास जवळजवळ गेला होता, त्याची जागा वाळलेले गवत आणि चामडे यांच्या वासाने घेतली होती, आणि चव इतकी कोरडी होती की गोडव्याचा मागमूसही नव्हता.

हा फरक पडतो याचे कारण असे की नेहमीच्या यीस्टला न पचणाऱ्या लांब साखळीच्या शर्करा ब्रेटॅनोमायसिस महिनोन्‌महिने सावकाश खात राहते, त्यातून आणखी कार्बन डायऑक्साइड तयार होतो, बिअर कोरडी होत जाते आणि नवे गंध निर्माण होतात. याच काळात हॉप्सचे बाष्पशील तेल मात्र उतरत जाते. दोन्ही बाटल्या निर्दोष होत्या, दोघींवर लेबल एकच होते, आणि तरीही दोघींना एकच गुण देणे कोणालाही जमले नसते. मला स्वतःला ती साधारण सहा महिन्यांची असताना सर्वाधिक आवडते, कारण तेव्हा हॉप्स पूर्ण गेलेले नसतात आणि रानटी यीस्टने आपले काम सुरू केलेले असते.

बेल्जियमच्याच गडद आणि कडक बिअर लांबच्या प्रवासाला सर्वांत चांगल्या टिकतात, हे वारंवार दिसले. शिमे ब्लू ९ टक्क्यांची आहे आणि तिच्या लेबलवर वर्ष छापलेले असते, तर रॉशफोर १० ही ११.३ टक्क्यांची आहे. या दोन्ही बाटलीत पुन्हा आंबतात, म्हणजे आतले जिवंत यीस्ट उरलेला प्राणवायू शोषून घेते. अल्कोहोल भरपूर आहे, आणि ऑक्सिडेशनने (प्राणवायूच्या संयोगाने) जे थोडे बदल होतात ते मनुका, अंजीर आणि शेरी नावाची वाइन यांच्या चवीच्या दिशेने जातात, जे अशा बिअरला शोभून दिसतात. मात्र फ्रिजमधून काढल्याबरोबर त्या पिऊ नयेत. ५ अंशांना रॉशफोर १० मध्ये अल्कोहोलची धग आणि गोडवा एवढेच लागते. तोच ग्लास १२ ते १४ अंशांपर्यंत येऊ दिला की चॉकलेट, सुके अंजीर आणि काळी मिरी अशी एकेक चव उलगडत जाते. वेस्टमाल ट्रिपल हीदेखील ९.५ टक्क्यांची असून चांगली टिकते, परंतु तिची खरी शान ताजेपणीच्या हॉप्समध्ये आहे. ठेवल्यावर ती मधाळ होते आणि माझ्या मते थोडी जड वाटू लागते.

याच्या अगदी उलट टोकाला आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल ही हॉप्सप्रधान बिअर, आहे. आधुनिक अमेरिकन क्राफ्ट बिअरची चव ज्या बाटलीने घडवली, त्या सिएरा नेव्हाडा पेल एलपासून आपण सुरुवात करू. १९८० मध्ये कॅलिफोर्नियातल्या चिको गावात सुरू झालेल्या या ब्रुअरीने कॅस्केड हॉप्सचा चकोतऱ्यासारखा आणि देवदारासारखा वास सर्वसामान्य पिणाऱ्यापर्यंत नेला. ती अजूनही उत्तम बनते, पण तीन महिन्यांच्या आतली आणि आठ-नऊ महिन्यांची यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण वास उतरला की मागे कॅरॅमलचा गोडवा आणि उघडा कडवटपणा उरतो. न्यू इंग्लंड पद्धतीची धूसर आयपीए तर त्याहून नाजूक असते. तिच्यात ओट्स आणि गहू असतो, हॉप्स बहुतांशी आंबवण्याच्या वेळी आणि त्यानंतर घातलेले असतात, आणि प्राणवायूचा जरासा अंश आत शिरला तरी तिचा बिघाड डोळ्यांना दिसतो. एकाच बॅचचे दोन कॅन मी मुद्दाम वेगळे ठेवले, एक फ्रिजमध्ये आणि एक खोलीच्या तापमानाला. महिन्याभराने थंड ठेवलेला कॅन पिवळाधमक निघाला, त्याला आंबा आणि पॅशनफ्रूटचा वास होता. दुसऱ्यातली बिअर मातकट तपकिरी झाली होती, फळांचा वास जाऊन ओलसर पुठ्ठ्याचा आणि शिळ्या मधाचा वास येत होता.

बिअरच्या धंद्यात एक ढोबळ नियम सांगितला जातो की ३२ अंश सेल्सिअसला ३ दिवस, २२ अंशांना ३० दिवस आणि ३ अंशांना ३०० दिवस ठेवलेली बिअर साधारण सारखीच शिळी होते. हा नियम सर्व प्रकारांना काटेकोरपणे लागू पडत नसला तरी समुद्रमार्गे आलेल्या कंटेनरमध्ये किंवा उकाड्याच्या गोदामात काय घडत असेल याची कल्पना त्यावरून येते. इंग्लंडहून भारतात पाठवली जाणारी जुनी पेल एल प्रवास सोसत असे, कारण तिच्यात संरक्षक म्हणून भरपूर हॉप्स असत आणि ती पिंपात काही महिने मुरू देण्यासाठीच बनवलेली असे. आजची आयपीए वासासाठी बनते, आणि वास हीच सर्वांत आधी जाणारी गोष्ट आहे. म्हणून हॉप्सप्रधान बिअर दूरच्या देशातून मागवण्यापेक्षा जवळच्या ब्रुअरीची ताजी घ्यावी, हे माझे ठाम मत झाले आहे, मग ती दूरची कितीही गाजलेली असो.

हिरव्या बाटलीबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण या बाबतीत गैरसमज फार आहेत. हॉप्समधून आलेली आयसोह्युम्युलोन ही कडू द्रव्ये उजेडात, रिबोफ्लेविनच्या सान्निध्यात, फुटतात आणि त्यातून गंधकयुक्त थायोल तयार होते. हे थायोल स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधीशी मिळतेजुळते असून इतक्या अत्यल्प प्रमाणात नाकाला जाणवते की काही मिनिटांचे ऊनही पुरते. तपकिरी काच हा उजेड बऱ्यापैकी अडवते, हिरवी फारच थोडा अडवते, पारदर्शक जवळजवळ नाहीच, आणि कॅनमध्ये तो शिरतच नाही. मी एकाच कंपनीची एकच लागर (थंडाव्यात सावकाश आंबवलेली बिअर) हिरव्या बाटलीत आणि कॅनमध्ये घेतली, बाटली खिडकीतल्या उन्हात थोडा वेळ ठेवली आणि मग दोन्ही थंड करून घरातल्या इतरांना न सांगता दिल्या. बाटलीतली बिअर ‘परदेशी चवीची’ आहे असे एकाने मनापासून सांगितले. आयात लागरची ओळख म्हणून अनेकांच्या जिभेवर बसलेली चव हा प्रत्यक्षात एक दोष आहे, आणि कॅन किंवा बंद खोक्यातली बाटली घेतली तर तो सहज टळतो.

कॅनमधली पिल्सनर (फिकट सोनेरी लागर) ही त्यामुळे मला या सगळ्या काळात लाभलेली सर्वांत आनंदाची भेट ठरली. पिल्सनर उर्केल १८४२ पासून चेक प्रदेशातल्या पिल्झेनमध्ये बनते, योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने तिची पहिली बॅच बनवली, आणि आजही तिच्यात साझ हॉप्स, मऊ पाणी आणि तीन वेळा उकळीला नेलेल्या माल्टच्या लगद्याची पद्धत वापरली जाते. अल्कोहोल फक्त ४.४ टक्के. ताज्या कॅनमध्ये भाजलेल्या पावाच्या कडेची चव, किंचित लोण्यासारखी झाक आणि मसालेदार, स्वच्छ कडवटपणा असतो. तिच्यात दडवायला जागाच नसते, त्यामुळे तिचा शिळेपणा पहिल्या घोटातच उघडा पडतो.

जर्मन गव्हाच्या बिअरमध्येही ताजेपणाचे महत्त्व मोठे आहे. वायहेनश्टेफानरच्या ५.४ टक्क्यांच्या हेफेवाइसबिअरमध्ये केळे आणि लवंग यांचा जो वास येतो त्यासाठी ना फळ घातलेले असते ना मसाला; केळ्याचा वास आयसोअमिल ॲसिटेटचा आणि लवंगेचा वास ४-व्हिनाइल ग्वायकॉलचा, आणि दोन्ही त्या विशिष्ट यीस्टची करणी आहे. काही महिन्यांत केळे मागे पडते आणि लवंग पुढे येते. ओतताना शेवटचे दोन बोटे बिअर बाटलीत ठेवावी, बाटली हलकेच फिरवून तळाचे यीस्ट उठवावे आणि मग तो गढूळ भाग वरून सोडावा, म्हणजे चवीला भरीवपणा येतो.

जर्मनीतल्या बामबेर्गच्या श्लेंकेर्ला या धुरकट बिअरबद्दल एवढेच सांगतो की बीचच्या लाकडावर धुरावलेल्या माल्टमुळे तिचा पहिला घोट अनेकांना परतवून लावतो, परंतु तिसऱ्या-चौथ्या घोटापर्यंत नाक धुराला सरावते आणि खाली दडलेले सुरेख माल्ट लागू लागते. ती प्रवासही चांगला सोसते. ब्रसेल्सच्या आसपासची लँबिक आणि वेगवेगळ्या वयांच्या लँबिक एकत्र करून केलेली ग्योझ या उघड्या उथळ हौदात हवेतल्या यीस्टने आंबायला सुरुवात होणाऱ्या आंबट बिअर असून वर्षानुवर्षे टिकतात. ज्यांना आंबटपणा मुळीच सोसत नाही त्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये. गिनेस या आयरिश काळ्या बिअरच्या (स्टाउटच्या) बाबतीत मी विजेट (उघडताच नायट्रोजन सोडून फेस आणणारी छोटी गोळी) असलेल्या कॅनपेक्षा ७.५ टक्क्यांच्या फॉरेन एक्स्ट्रा स्टाउटला पसंती देतो, कारण नायट्रोजनच्या मऊ फेसाने सुख मिळत असले तरी भाजलेल्या बार्लीची धार बोथट होते.

छोट्या ब्रुअरींविषयी माझ्या मनात आदर आहे, आणि म्हणूनच त्यांच्या उणिवा स्पष्टपणे सांगायला हव्यात. एका ब्रुअरीच्या फळांच्या गरापासून केलेल्या आंबट बिअरचा कॅन फुगलेला निघाला आणि उघडताच अर्धा ओट्यावर सांडला, कारण गरातली साखर आंबायची राहिली होती आणि कॅन थंड ठेवला गेला नव्हता. एकीच्या लागरमध्ये लोण्याचा वास इतका ठळक होता की तो वास देणारे डायअसेटिल निवळण्याआधीच ती घाईने भरली गेली असावी असे वाटले. मोठ्या ब्रुअरीकडे प्रयोगशाळा असते आणि भरताना प्राणवायू बाहेर ठेवणारी महागडी यंत्रे असतात. छोट्यांकडे ती बहुधा नसतात. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनच्या व्याख्येत वर्षाला ६० लाख बॅरलपर्यंत उत्पादन करणारी ब्रुअरीही क्राफ्टमध्ये मोडू शकते, तेव्हा केवळ त्या शिक्क्यावरून दर्जाबद्दल निष्कर्ष काढणे योग्य नाही.

रसिकांमध्ये फिरणाऱ्या गुणांकनाबद्दलही माझा एक आक्षेप आहे. चार घोटांत जोखली जाणारी बिअर जितकी तीव्र तितके तिला गुण अधिक मिळतात, त्यामुळे इम्पीरियल स्टाउट आणि डबल आयपीए नेहमी वर असतात आणि ज्या पिल्सनरचा पूर्ण ग्लास संपल्यावर दुसरा हवासा वाटतो ती खाली राहते. शिवाय बाटली किती जुनी होती हे बहुतेक जण लिहीतच नाहीत. आठ महिने उन्हातान्हात फिरलेल्या आयपीएला दोन गुण देणाऱ्याने ब्रुअरीचे नव्हे तर वाहतुकीचे मूल्यमापन केलेले असते.

कडक बिअर घेणाऱ्यांनी प्रमाणाचा हिशेब जरूर करावा. रॉशफोर १० च्या ३३० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ३७ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे ४.४ टक्क्यांच्या पिल्सनरच्या जवळजवळ ८५० मिलिलिटरएवढे. मी ती बाटली नेहमी दोघांत वाटून, तासभर लावून पितो, आणि तिच्यानंतर त्या दिवशी दुसरे काही उघडत नाही. झाकणाच्या बाटल्या मी उभ्याच, अंधारात आणि थंड जागी ठेवतो, ग्लास निराळ्या स्पंजने धुतो कारण तेलाचा अंश राहिला तर फेस बसतो, आणि आयपीए घरी आली की पंधरवड्याच्या आत संपवतो.