जुन्या पिकअपमध्ये ४० नंबर सिंगल ग्रेड ऑइल: पावसाळा, थंडी आणि उन्हाळा काढल्यावर

गाडी आहे जुनी टाटा २०७ डीआय. टर्बो नाही, सेन्सर नाहीत, डिझेलचा पंप मेकॅनिकल. साखळीहून चोर्ला घाट चढून बेळगाव, तिथून भाजी भरून परत, आणि मग म्हापशाचा बाजार, हा तिचा नेहमीचा रस्ता. हे आधी सांगतो, कारण पुढे लिहिलेलं सगळं याच जातीच्या इंजिनाला लागू आहे. तुमची पिकअप कॉमन रेलची (कॉम्प्युटरने डिझेल फवारणारी) असेल, त्यातही बीएस-६ ची, म्हणजे २०२० पासूनच्या प्रदूषण नियमांची, सायलेन्सरमध्ये काजळीचा फिल्टर असलेली, तर सिंगल ग्रेडचा, म्हणजे थंडीसाठी वेगळा आकडा नसलेल्या ऑइलचा, विचारच करू नका. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड आणि जो वर्ग छापलाय तोच घाला. तो फिल्टर बदलायच्या खर्चापुढे ऑइलमध्ये वाचलेले पैसे काहीच नाहीत.

माझं इंजिन बरंच चाललेलं आहे. रिंगा झिजल्यात, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) थोडा धूर येतो आणि गाडी ऑइल खाते. इंजिन बांधायला काढायचं तर धंदा बंद ठेवावा लागेल. तेव्हा आमच्या गॅरेजवाल्याने सुचवलं, "पात्रांव, १५डब्ल्यू-४० सोडा, चाळीस नंबर घालून बघा." १५डब्ल्यू-४० हे मल्टिग्रेड, म्हणजे थंडी आणि उष्णता दोन्हींसाठी आकडा असलेलं ऑइल; डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. मालीमच्या जेटीवरच्या ट्रॉलरमध्ये चाळीस नंबरच जातं, कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) पाण्याच्या पंपालाही बऱ्याच ठिकाणी तेच घालतात. पण ट्रॉलरचं इंजिन एकदा चालू झालं की तासन्‌तास एका वेगावर चालतं. पिकअप दहा ठिकाणी बंद होते, दहा ठिकाणी सेल मारावा लागतो. म्हणून मी डोळे झाकून न घालता आधी दोन्ही ऑइलची माहितीपत्रकं वाचली.

त्यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट गॅरेजमध्ये क्वचितच कुणी सांगतं. तापलेल्या इंजिनात ४० नंबर आणि १५डब्ल्यू-४० यांचा जाडेपणा सारखाच असतो. एसएईच्या (वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या) तक्त्यात १०० अंश सेल्सिअसला दोघांनाही एकच मर्यादा आहे, १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (हे जाडेपणाचं माप). फरक पडतो तो ऑइल गार असताना. ४० अंशाला १५डब्ल्यू-४० साधारण १०५ ते ११५ सेंटिस्टोक भरतं, तर सिंगल ग्रेड १४० ते १५० च्या घरात. सकाळी डब्यातून ओतताना दिसणारा जाडेपणा हा गारव्याचा आहे. घाट चढताना बेअरिंगवर तो शिल्लक नसतो. "उन्हाळ्यात सिंगल ग्रेड पातळ होत नाही" असं जे छातीठोकपणे सांगतात, ते चूक आहे. उलट तापमान वाढेल तसं सिंगल ग्रेड जास्त वेगाने पातळ होतं.

मग फायदा काहीच नाही का? आहे, आणि तो मला दिसला. मल्टिग्रेडमध्ये पॉलिमर घातलेले असतात. गार असताना ते आकसून असतात आणि तापल्यावर पसरतात, म्हणून ऑइल दोन्हीकडे चालतं. पण बेअरिंग आणि रिंगांमध्ये भरडून हे पॉलिमर हळूहळू तुटतात आणि ऑइल वापराबरोबर पातळ होत जातं. साध्या सिंगल ग्रेडमध्ये ते नसतातच, त्यामुळे तुटायचा प्रश्न येत नाही. शिवाय त्याचं मूळ तेल जड असतं, गरम सिलिंडरच्या भिंतीवरून कमी उडतं. माझ्या गाडीत डिपस्टिकच्या वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर यायला पूर्वी जेवढे किलोमीटर लागत, त्याच्या जवळपास दीडपट आता लागतात. बदलायची वेळ जवळ आली की पूर्वी टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाज वाढायचा, तोही कमी झालाय. ब्रीदरचा धूर मात्र आहे तसाच आहे. रिंगा झिजल्या त्या झिजल्या, त्यावर ऑइल हा उपाय नव्हे.

पावसाळ्यात काही वेगळं जाणवलं नाही. केरीहून चोर्ल्यापर्यंत धुक्यात दुसऱ्या गिअरवर चढायचं, इंजिन व्यवस्थित तापायचं. फक्त ज्या आठवड्यात बेळगाव फेरी नसे आणि गाडी साखळी-डिचोलीतच छोट्या फेऱ्या मारी, तेव्हा ऑइलच्या झाकणाखाली पांढरट मेण जमायचं. ती इंजिनात साठलेली ओल आहे. इंजिन पुरतं तापत नाही म्हणून ती ऑइलमधून उडून जात नाही. हे मल्टिग्रेडमध्येही व्हायचं. मात्र कूलंट कमी होत असेल आणि ऑइल डिपस्टिकवरच दुधाळ दिसत असेल तर हेड गॅस्केट तपासा, ते प्रकरण निराळं.

खरी परीक्षा झाली थंडीत. गोव्यात किनाऱ्याला जानेवारीतही पहाटे वीस अंशांच्या आसपास असतं, तिथे सिंगल ग्रेडने एकदाही त्रास दिला नाही. पण बेळगावला मुक्काम करून पहाटे मंडईत गाडी लावायची म्हटलं की गोष्ट बदलते. डिसेंबर-जानेवारीत तिथे पारा बारा-तेरापर्यंत उतरतो. सेल मारला की इंजिन जड फिरतंय हे आवाजावरूनच कळायचं. बॅटरी जरा जुनी असती तर अडकलो असतो. ऑइल प्रेशरचा दिवा एरवी लगेच विझतो, तो तिथे क्षणभर रेंगाळायचा आणि वरच्या टॅपेटचा खडखडाट थोडा जास्त वेळ ऐकू यायचा. मी वेगळा प्रेशर गेज बसवलाय. त्याचा काटा आधी उशिरा उठायचा आणि उठला की नेहमीपेक्षा बराच वर जायचा. तो काटा बघून खूश होऊ नका. ऑइल इतकं जाड असताना फिल्टरमधून पुरतं जात नाही, बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल इंजिनात फिरतं. सिंगल ग्रेडच्या डब्यावर डब्ल्यू नसतो याचा अर्थच असा की थंडीतल्या वागण्याची कसलीही चाचणी त्यावर लागू नाही. बारा अंशाला इंजिन बसणार नाही हे नक्की, पण झीज सगळ्यांत जास्त होते ती याच पहिल्या मिनिटांत. मी तिथे रेस न देता इंजिन मंद चालू द्यायचो, आणि जांबोटीपर्यंत घाई न करता यायचो.

आता डब्याबद्दल, कारण इथेच लोक फसतात. ४० हा आकडा फक्त जाडेपणा सांगतो. ऑइल काजळी किती सांभाळेल, घाण किती धुऊन काढेल, हे एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या) वर्गावरून कळतं. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्त मिळणारं चाळीस नंबर अनेकदा सीसी किंवा सीडी वर्गाचं असतं. एपीआयच्याच यादीनुसार सीसी हे १९९० नंतरच्या आणि सीडी हे १९९४ नंतरच्या बहुतेक डिझेल इंजिनांना योग्य नाही. मी शोधून सीएफ घेतलं, तेही आता जुनंच. याउलट १५डब्ल्यू-४० चा साधा डबासुद्धा बहुधा सीआय-४ चा, म्हणजे २००२ मध्ये आलेल्या वर्गाचा असतो. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने आहे. एप्रिल २०२० पासून पंपावर बीएस-६ डिझेल येतं, त्यात गंधक दहा लाखांत १० भाग. बीएस-३ च्या काळात ते ३५० असायचं. गंधक कमी म्हणजे आम्ल कमी, तेवढा ऑइलवरचा भार हलका. काजळी मात्र जुन्या इंजिनात तेवढीच होते.

म्हणून मी ऑइल बदलायचं अंतर निम्म्यावर आणलं, ५,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर दोन्ही. लिटरमागे जे वाचत होतं ते इथेच संपलं. वरचेवर घालायचं ऑइल धरलं तर हिशेब जेमतेम बरोबरीत येतो. स्वस्त पडतं म्हणून कुणी सिंगल ग्रेडकडे वळत असेल तर वळू नये. डिझेलच्या खपात मला पकडता येईल असा फरक दिसला नाही.

इंजिन धडधाकट असेल तर मी १५डब्ल्यू-४० सीआय-४ वरच राहा म्हणेन. गाडी फक्त गोव्यात फिरते, इंजिन जुनं आहे, ऑइल खातं आणि लगेच बांधायला काढता येत नाही, एवढं सगळं जुळत असेल तर सीएफ वर्गाचं चाळीस नंबर खुशाल वापरा. मी स्वतः होळीनंतर दिवाळीपर्यंत चाळीस नंबर आणि थंडीच्या महिन्यांत १५डब्ल्यू-४० असं ठरवलंय. मध्येच कमी पडलं आणि वाटेत दुसरंच मिळालं तरी घाबरू नका. डिझेल इंजिनाचं, त्याच किंवा वरच्या वर्गाचं ऑइल असेल तर अर्धा-एक लिटर वर घातल्याने काही बिघडत नाही. ऑइल कमी ठेवून घाट चढू नका.