गाडीचा एप्रन (बॉनेटखाली, पुढच्या चाकाच्या वरचा आतला पत्रा) ओढून सरळ करायचा की कापून नवा टाकायचा?
मावसभावाची गाडी समोरून ठोकली. डेंटर म्हणतो ओढून देतो, शोरूम म्हणतं बदला. तो आठवडाभर अडकलाय.

खर्चात ओढणं स्वस्त, मजुरीतच भागतं. बदलायचं तर पार्ट, कटिंग, वेल्डिंग, रंग सगळंच आलं. शिवाय झीरो डेप (घसारा न कापणारा विमा) नसेल तर पाच ते दहा वर्षांच्या गाडीला विमेवाले लोखंडी भागावर ४० टक्के घसारा कापतात.

पण खरा प्रश्न मजबुतीचा. टॉर्च मारून बघा, पत्रा नुसता वाकलाय की घडी पडलीय? वाकलेला मशीनवर थंडच ओढला तर जागेवर येतो, कंपनीचे मूळ स्पॉट वेल्डही (पत्रे जोडणारे ठिपक्यांचे जोड) शाबूत राहतात. घडी पडलेला सरळ दिसला तरी तिथे कमजोरच राहतो. गॅसने तापवू तर अजिबात देऊ नका. हाय स्ट्रेंग्थ पोलाद तापलं की नरम पडतं.

बदलतानाही जोड कंपनीने ठरवलेल्या जागीच हवा आणि आतून गंजरोधक फवारा मारलेला हवा.

नुसता बाक असेल तर ओढून घ्या, पत्रा मूळ मापात आल्याचा मोजमापाचा कागद मागून घ्या. घडी किंवा चीर असेल तर बदलाच. भावाच्या एप्रनला हेडलाइटमागे बोटभर घडी आहे. त्याला मी बदलायलाच सांगितलंय.