पायलटमधल्या भूमिकेसाठी मी 1,85,360 रुपये भरले

नव्या मराठी मालिकेच्या पायलट भागात, म्हणजे वाहिनीला दाखवण्यासाठी आधी काढलेल्या नमुना भागात, भूमिका देतो असे सांगून माझ्याकडून पाच हप्त्यांत 1,85,360 रुपये उकळण्यात आले. ज्याला ज्याला हे सांगितले त्याने पहिला प्रश्न 'एवढे दिलेच कसे?' हाच विचारला, म्हणून त्याचे उत्तर एकदाच आणि पूर्ण लिहून ठेवतो.

मी इचलकरंजीत एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहितो आणि गेली चौदा वर्षे हौशी रंगभूमीवर काम करतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत अभिनयाचे प्रमाणपत्र मला दोनदा मिळाले आहे. आमच्या भागाला मालिकांचे अप्रूप राहिलेले नाही. वसगडे गावात एका मालिकेचे चित्रीकरण कित्येक वर्षे चालले, कोल्हापूरच्या चित्रनगरीत सेट उभे राहतात, आणि माझ्याबरोबर तालमी केलेल्या दोघांना त्यातून खरोखर कामे मिळाली. फेब्रुवारी 2025 मध्ये 'तुमच्या एकांकिकेची चित्रफीत पाहिली, थोरल्या भावाच्या भूमिकेसाठी तुमचा विचार चालला आहे' असा फोन आला, तेव्हा मी हुरळलो असे कोणी म्हणू नये. जे शेजारच्याच्या बाबतीत घडलेले पाहिले होते, ते माझ्या बाबतीतही घडू शकते एवढेच मी मानले.

पहिली मागणी नोंदणीची होती, 2,360 रुपये. पावती लगेच व्हॉट्सॲपवर आली, आणि माझी खरी चूक तिथेच झाली. 2,000 रुपये शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असा हिशेब अगदी बरोबर होता. खाली जीएसटी क्रमांक होता, 27 ने सुरू होणारा. 27 हा महाराष्ट्राचा सांकेतांक, तो पाहून माझे समाधान झाले. पुढची अक्षरे मी मोजली नाहीत. ती मोजली असती तर पंधराऐवजी चौदाच भरली असती. एकाच राज्यातल्या व्यवहारात कर केंद्राचा नऊ आणि राज्याचा नऊ टक्के असा दोन ओळींत दाखवतात. त्या पावतीवर एकच ओळ होती. पेढीवर अशी पावती आली असती तर मी ती दारातूनच परत पाठवली असती, कारण दिवसाला चाळीस-पन्नास बिले मी याच नजरेने तपासतो. त्या रात्री मात्र तालमीहून आलो होतो, पत्नी ताट वाढून थांबली होती, आणि मी मोबाइल तिच्यासमोर धरून 'बघ, रीतसर पावतीसुद्धा दिली' असे म्हणालो. ते वाक्य अजून कानातून जात नाही. तेवढ्यावर थांबलो असतो तर 1,83,000 रुपये वाचले असते. जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणताही क्रमांक फुकट तपासता येतो आणि नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसते. पैसे भरण्याआधी ते एक मिनिट खर्च करा.

पुढचे सारे वेगाने झाले. छायाचित्रांच्या संचासाठी 18,500, वेशभूषेची 'परत मिळणारी' अनामत 35,000, आणि 'कलाकार कार्डा'साठी 41,000. कार्ड कोणत्या संघटनेचे, हे मी विचारले नाही. अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचे कार्यालय कोल्हापुरात, माझ्या घरापासून एसटीने तासाभरावर आहे, तरी तिथे जाऊन चौकशी करण्याचे मला सुचले नाही. संघटनेचे सभासदत्व घ्यायचे असेल तर त्या संघटनेकडे स्वतः जाऊन घ्यावे, मध्यस्थाच्या हाती एक रुपयाही देऊ नये.

9 मार्चला मढ बेटावरच्या एका बंगल्यात पायलटचे चित्रीकरण झाले. होय, चित्रीकरण झाले. कॅमेरा होता, दिवे होते, रंगभूषाकार होता, आणि माझ्यासारखेच सोलापूर, नाशिक, रत्नागिरीहून आलेले अकरा जण होते. ज्यांना मी मूर्ख वाटतो त्यांनी हे ध्यानात घ्यावे. माझ्या निळ्या कुर्त्याच्या गळपट्टीला एका मुलाने माइक लावला, पण कानाला हेडफोन लावून आवाज ऐकणारा माणूस त्या बंगल्यात कुठेच नव्हता. दिग्दर्शकाने प्रत्येक प्रसंग एकाच टेकमध्ये 'ओके' केला. नाटकवाल्याला तालमीत एक वाक्य वीस वेळा म्हणायची सवय असते. मला वाटले, आपली तयारीच तेवढी चोख आहे.

24 मार्चला 'वाहिनीने पायलट मंजूर केला' असा निरोप आला आणि कराराच्या खर्चापोटी 75,000 अधिक जीएसटी, म्हणजे 88,500 रुपये मागितले. भिशीचे पैसे आणि पत्नीच्या पाटल्या तारण ठेवून मी ते भरले. पैसे संस्थेच्या खात्यात नव्हे, कोणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर गेले. पायलटचा खर्च निर्माता किंवा वाहिनी करते, कित्येक पायलट प्रक्षेपितच होत नाहीत, आणि कलाकाराला दिवसाप्रमाणे मानधन मिळते, तेही बहुधा तीन महिन्यांनी. या धंद्यात कलाकार पैसे घेतो, देत नाही. हे त्या दोन मित्रांनी मला एका फोनवर सांगितले असते, पण काम पक्के होईपर्यंत कोणाला बोलायचे नाही अशी अट होती. ती अट कशासाठी होती, ते आता कळते.

पैसे घेणाऱ्यांचा फोन बंद झाल्यावर मी 16 एप्रिलला, म्हणजे तेवीस दिवसांनी, तक्रार केली. उशीर झाला, मान्य आहे. 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तत्काळ कळवले तर पैसे पुढच्या खात्यात गोठवता येतात. तुम्ही त्याच तासाला फोन करा. पण उशीर झाला म्हणून गुन्हा संपतो का? गावच्या पोलीस ठाण्यात सांगितले की प्रकार मुंबईत घडला, तिकडे जा. एक दिवसाची रजा टाकून मुंबईत गेलो, तर तिथे सांगितले की पैसे तुम्ही गावातून पाठवले, तिकडे जा. भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापील कागद दाखवून सांगितले. त्यावर 'चित्रीकरण तर झाले ना, मग हा दिवाणी वाद आहे' असे उत्तर मिळाले. अकरा जणांना एकाच दिवशी खोट्या मालिकेसाठी बोलावणे हा दिवाणी वाद कसा होतो? बँकेने लिहिले की व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केला असल्याने बँक जबाबदार नाही. ऑनलाइन तक्रारीचा पोचक्रमांक माझ्याकडे आहे आणि त्यापुढे चार महिने एकच शब्द दिसतो, 'प्रक्रियेत'. ठाण्यातल्या एका अधिकाऱ्याने मला 'या वयात हिरो व्हायला निघालात काय' असे सर्वांसमोर विचारले. मी एकेचाळीस वर्षांचा आहे. फसवणाऱ्यानेसुद्धा माझा एवढा अपमान केला नव्हता.

ठाण्यात नकार मिळाला तर कलम 173 (4) नुसार पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टने लेखी तक्रार पाठवता येते, आणि तिथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मी पहिले केले आहे, दुसऱ्यासाठी वकिलाशी बोलणे चालू आहे. आमच्यापैकी सात जण एकत्र आले आहेत. उरलेले घरच्यांना कळेल म्हणून पुढे येत नाहीत. त्यांच्यावर माझा राग नाही.

गेल्या आठवड्यात एका मित्राने मोबाइलवर फिरणारी एक जाहिरात पाठवली. मालिकेचे नाव नवीन, फोन क्रमांक नवीन, आणि 'आमचे निवडलेले कलाकार' म्हणून मढच्या बंगल्यातली दहा-बारा सेकंदांची चित्रफीत. तिच्यात निळा कुर्ता घातलेला, जिन्यावरून उतरत धाकट्या भावाला हाक मारणारा माणूस मी आहे. माझी कुठेही निवड झालेली नाही. त्या क्रमांकावर फोन करू नका.