पंधराव्या लुईच्या नावाने विकलेली शनेची जोडी

फ्रान्समध्ये जुन्या वस्तू घ्यायला जाणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. ज्या युक्तीने मला लुबाडलं, ती तिथे कुणाच्याही बाबतीत चालू शकते.

पॅरिसमधल्या एका विक्रेत्याने मला शनेची जोडी २८०० युरोंना विकली. शेकोटीत ओंडके पेलणाऱ्या लोखंडी दांड्यांच्या तोंडाशी जे शोभेचे भाग बसवतात, ते शने. हे सोन्याचा मुलामा दिलेल्या ब्राँझचे होते. "पंधराव्या लुईच्या काळातले," म्हणजे अठराव्या शतकातल्या त्या फ्रेंच राजाच्या काळातले, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं आणि मुकुटाखालच्या 'सी' अक्षराचा ठसा दाखवला. १७४५ ते १७४९ या काळात तांब्याच्या मिश्रधातूंवर कर होता, तो भरल्याची ती खूण. पण हाच ठसा नंतरच्या नकलांवरही सापडतो, हे त्याने सांगितलं नाही.

जुनं ब्राँझ दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने जोडी उलटी करून पाहिली. आतल्या पोकळीतही सोनं, तेही एकसारखं. अठराव्या शतकात सोनं पाऱ्यात कालवून ब्राँझवर लावत आणि तापवून पारा उडवून देत. त्या वाफांनी मुलामा देणाऱ्यांच्या जिवावर बेतायचं. इतकं महागडं काम सहसा दर्शनी भागापुरतंच होई, मागची बाजू कोरी राही. १८४० नंतर विजेने मुलामा देणं रुळलं. त्यात अख्खी वस्तू द्रावणात बुडते. आता, जुन्या वस्तूला नंतर पुन्हा मुलामा दिलेलाही असू शकतो, म्हणून त्याने पुढे तपासलं. पानांच्या शिरा छिन्नीने कोरलेल्या नव्हत्या, साच्यातून आल्या तशाच बोथट होत्या. स्क्रूंचे आटे यंत्रावर पाडलेले होते. म्हणजे जोडी नंतरची नक्कल होती.

जाब विचारायला गेलो, तर विक्रेत्याने बिलावर बोट ठेवलं: 'स्तील लुई कँझ', म्हणजे नुसती पंधराव्या लुईच्या शैलीतली वस्तू. फ्रान्समध्ये ३ मार्च १९८१ चा सरकारी हुकूम आहे. बिलावर काळ किंवा शतक थेट लिहिलं, तर वस्तू त्याच काळात घडल्याची हमी विक्रेत्यावर येते. आधी 'स्तील' लावलं की ती हमी उरत नाही. तोंडाने एक सांगून कागदावर दुसरं लिहिणं नजरचुकीने होत नाही. मला याचा आजही संताप येतो.

पैसे देण्याआधी बिलावर 'एपोक लुई कँझ', म्हणजे पंधराव्या लुईच्या काळातली वस्तू, असं लिहून मागा. गिऱ्हाइकाने मागितल्यास वस्तूचा काळ, धातू आणि मूळ यांबद्दल जे सांगितलं ते बिलावर उतरवून देणं त्याच हुकमाने विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तो टाळाटाळ करू लागला, तर जोडी तिथेच ठेवा. एकोणिसाव्या शतकातल्या नकलाही सुंदर असतात, त्या त्यांच्या भावाने घ्याव्यात. मी लेखी तक्रार केली आहे, पैसे अजून परत मिळालेले नाहीत.